अण्णा विळीवर बसले

...नाही, तुम्हीच सांगा, तुम्ही संसारी माणसं आहात. नवऱ्यानं रविवारी सकाळी आपण होऊन विळी काढली, नारळ फोडला आणि खवायला बसला, तर बायकोनं काय करावं? कौतुक करावं, ते जमत नसेल तर निदान गप्प बसावं. आमच्याकडे काय होतं? आमची कुंदा हातातला डाव टाकून धावत येते, माझी मान इकडून तिकडे वळवून गळ्याच्या शिरा बघते, घोट्यावर अंगठा दाबून खड्डा पडतो का बघते, आणि मग गॅलरीत जाऊन वर तोंड करून हाक मारते, "अण्णा, जरा खाली येता का? हे विळीवर बसलेत." आणि अण्णा येतात. येऊन काय करतात ते मागाहून सांगतो, कारण आत्ताच सांगितलं तर तुम्हाला वाटेल ह्यांची अख्खी बिल्डिंग ठाण्याला पोचवायला पाहिजे.

पण माझा काय गुन्हा? सगळा घोळ त्या एका वाक्याचा. 'अण्णांकडे बघा जरा!' तुम्हाला सांगतो, ह्या तीन शब्दांनी माझा संसार जेवढा पोखरला तेवढा वाळवीनं पोखरला नसता.

नवे पैसे आले ना, त्या सालची गोष्ट. आम्ही बोरिवलीला, स्टेशनापासून चालत जाण्यासारखी दुमजली बिल्डिंग, मी खाली, अण्णा माझ्या बरोब्बर डोक्यावर. सगळी बिऱ्हाडं कोकणातली. आता कोकणातली म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, आमच्यात नारळ पडत नाही असा पदार्थ एकच, चहा. गोराईहून खाडी ओलांडून, तरीत म्हणजे होडीत बसून नारळवाल्या यायच्या, अंगणात ढीग ओतायच्या, आणि मग वरून अण्णा उतरायचे. धोतर, कोट, काळी टोपी, विमा कंपनीत हेडक्लार्क, आवाज असा की खालच्या मजल्यावरचं तान्हं रडायचं थांबायचं. घरात पाण्याचा पेला हातात द्यायला लागायचा. चपला कुठे आहेत ते वसुधावहिनींना माहीत, अण्णांना फक्त पाय माहीत. स्वयंपाकघरातली एकच गोष्ट त्यांनी आपल्या अखत्यारीत ठेवलेली, नारळ निवडणं. नारळ कानाशी धरायचा, बोटाच्या पेरानं टक् टक् वाजवायचा आणि निकाल द्यायचा. "हा भरलेला. हा रिकामा. हा घेऊ नका, कुजका निघेल." आणि तुम्हाला सांगतो, एकदाही चुकला नाही हो माणूस! नारळवाल्या त्यांना बघून चांगले नारळ टोपलीच्या तळाशी लपवायच्या.

तर असे हे अण्णा. आणि एके दिवशी ह्या अण्णांच्या छातीत कळ आली.

कोणाला सांगितलं का? छे. अण्णांच्या घराण्यात म्हणे कोणाला कधी काही झालंच नाही, सगळे एकदम मेले. आधी आठ-दहा दिवस संध्याकाळी अंगात कसर यायची, ती त्यांनी 'ऊन बाधलं' म्हणून टोपीखाली झाकली. मग ही कळ. छातीच्या मधोमध, सुरीनं टोचल्यासारखी, मोठा श्वास घेतला की जास्त, खोकलं की जास्त, आणि आडवं पडलं की विचारू नका. रात्री पाठ टेकली की उठून बसायचे. वहिनींनी विचारलं तर म्हणायचे, "ढेकूण झालेत." वहिनींनी बिचारीनं गाद्या उन्हात घातल्या, खाटेला उकळतं पाणी ओतलं, एक ढेकूण सापडेल तर शपथ.

त्या रविवारी वहिनी नारळ खवत होत्या, तेवढ्यात नळाला पाणी आलं. आता पाणी आलं म्हणजे बायका पोरं टाकून धावतात, नारळाचं काय घेऊन बसलात. वहिनी कळशी घेऊन खाली, आणि अण्णा घरात एकटे, छातीवर हात ठेवून येरझारा घालतायत. अर्धी वाटी घरंगळत त्यांच्या पायाशी आली. ती उचलायला अण्णा वाकले, आणि कळ गेली. साफ. अण्णा चकित. ताठ उभे राहिले, कळ हजर. परत वाकले, गायब. आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? वाकून बसलो असतो. पण अण्णा विचार करणारे. त्यांनी मनात म्हटलं, माणूस नुसता वाकून बसला तर दहा जण विचारतात काय झालं, पण हातात काम घेऊन वाकून बसला तर कोणी एक शब्द विचारत नाही. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं, जसं काय मोठं शास्त्र सांगतायत. आणि विळीच्या पाटावर बैठक मारून, पुढे झुकून, हेडक्लार्क नारळ खवायला लागले.

वहिनी कळशी घेऊन दारात आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. लग्नाला तीस वर्षं झालेली. त्यांनी कळशी खाली ठेवली, आत आल्या, अण्णांच्या हातातली वाटी बघितली, खवलेलं खोबरं बघितलं, आणि डोळ्यांना पदर लावला. अण्णा म्हणाले, "रडायला काय झालं? खोबरं पांढरं शुभ्र आलंय."

झालं. त्याच दुपारी बातमी बिल्डिंगभर. आमच्या घरात तर ती मागच्या दारानं येऊन चुलीपाशीच बसली. मी आपला पेपर वाचतोय, कुंदा डाळीला फोडणी देता देता म्हणते, "अण्णांकडे बघा जरा."

मी म्हटलं, "काय झालं अण्णांना?"

"काही झालं नाही. वहिनींना नारळ खवून देतात. हेडक्लार्क असून."

आता ह्यातला 'असून' कोणाला होता ते तुम्ही ओळखलंच असेल. मी पडलो बँकेतला साधा कारकून. म्हणजे माझ्यावर दोन नारळ जास्त.

आणि अण्णा काही एका रविवारी थांबले का? रोज! सकाळी ऑफिसच्या आधी एक, संध्याकाळी आल्यावर दोन. घरात एवढं खोबरं काय करायचं? मग शेजारणी आपले नारळ आणून देऊ लागल्या. "वहिनी, अण्णांचा हात मोकळा आहे का?" अण्णांच्या दाराशी नारळांची रांग, आणि आत अण्णा, धोतराचा काचा मारून, विळीवर ओणवे, खसा खसा खसा. मी एकदा मुद्दाम वर गेलो, म्हटलं हा माणूस आमच्या पोटावर का उठलाय ते तरी विचारू. म्हटलं, "अण्णा, हे काय मांडलंय तुम्ही?"

"नंदकिशोर," अण्णा मान वर न करता म्हणाले, "वात आहे मला. छातीत धरतो. आडवा झालो की टोचतो, दीर्घ श्वास घेतला की टोचतो, आणि इथे बसलो की पाच मिनिटांत उतरतो. कोणत्याही वैद्यानं सांगितलं नसतं, मी शोधून काढलंय. वातावर नारळ खवण्यासारखा व्यायाम नाही. तूसुद्धा सुरू कर."

"मला वात नाही अण्णा."

"होईल. आधीपासून सवय असू दे."

हे कुंदानं ऐकलं. कुठून ऐकलं देव जाणे, मी वर, ती खाली, पण ऐकलं. दुसऱ्या दिवशी माझ्या पुढ्यात पाट. बिल्डिंगीतल्या समस्त नवऱ्यांच्या पुढ्यात पाट! संध्याकाळी सातला कान दिलात तर सगळ्या खोल्यांतून खसा खसा ऐकू यायचं आणि मधेच कोणाच्या तरी बायकोचं, "अण्णांकडे बघा जरा, पाठीमागचं काळं येऊ देत नाहीत खोबऱ्यात."

बरं, ह्या सगळ्यात एक माणूस बरा होत नव्हता, तो म्हणजे अण्णा. ताप संध्याकाळी यायचाच. कोट खांद्यावर लोंबायला लागला होता. पण बघणार कोण? आम्ही सगळे खोबऱ्याकडे बघत होतो.

आणि मग एक दिवस कळ थांबली.

आपोआप. सकाळी अण्णा उठले, श्वास घेतला, टोचलं नाही. खोकून बघितलं, टोचलं नाही. तुम्हाला सांगतो, तिळगुळाला फिरावं तसे अण्णा त्या दिवशी दारोदार फिरले. "गेला. वात मुळासकट गेला. कोणतं औषध नाही, पाणी नाही, नुसत्या विळीवर घालवला." वहिनींनी देवापुढे दिवा लावला, बिल्डिंगभर नारळीभात वाटला. खवला होता अर्थात आम्ही, कारण अण्णांचं काम आता संपलं होतं. आम्हाला मात्र सुटका नाही. उलट आता तर सिद्ध झालं होतं ना! कुंदा म्हणाली, "बघितलंत? बरे झाले. अण्णांकडे बघा आणि मुकाट्यानं खवा."

आता तुम्ही म्हणाल, बरा झाला माणूस, संपली गोष्ट. मलाही तसंच वाटलं. पण काय होतं, माझी खोली जिन्याला लागून, आणि मी चिडलेला. चिडलेला माणूस ज्याच्यावर चिडलाय त्याच्याकडे फार नीट बघतो. अण्णा जिना चढायला लागले की मी दारातून बघायचो. चार पायऱ्या, थांबले. कठड्यावर हात फिरवून म्हणतात, "ह्याला रंग द्यायला पाहिजे." आणखी चार पायऱ्या, परत थांबले. "इथला खिळा वर आलाय." अहो, कुठला खिळा! दम खात होते. कोटाच्या गळ्याचं बटण लागेना, तर वहिनींवर ओरडले, धोब्यानं कोट आटवला म्हणून. कोट खांद्यावर लोंबतोय आणि गळ्याला आटलाय, असा कुठला धोबी असतो? संध्याकाळी चपला पायातून निघेनात, तर चांभाराला शिव्या. रात्री वळकटीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे, आडवे म्हणून व्हायचे नाहीत. वहिनींनी विचारलं तर, "आता ढेकूण नाहीत, सवय लागली बसायची."

बिल्डिंगीचं म्हणणं काय, अशक्तपणा. एवढे नारळ खवले, दमणारच की! एकीनं पेज दिली, एकीनं डिंकाचे लाडू दिले.

आणि त्याच आठवड्यात मी अंगठा कापला.

विळीवर. खवणीवर नव्हे, पात्यावर. कुंदा नेहमीचं तेच वाक्य बोलली आणि मी रागानं मान वळवून तिच्याकडे बघितलं, वाटी पुढे, अंगठा मागे, आणि रक्ताची धार. फडकं गुंडाळून धावत सुटलो. सगळ्यात जवळ दवाखाना कोणाचा, तर डॉक्टर पद्मजाबाईंचा. नव्या आल्या होत्या बोरिवलीला, वय असेल तीसएक. पुरुष माणूस त्यांच्याकडे जात नसे, बाळंतिणींची डॉक्टर अशी समजूत. मी काय करतो? फडक्यातून रक्त ठिबकतंय, बाकावर सात-आठ गरोदर बाया, मध्ये मी.

बाईंनी आत घेतलं, अंगठा धुतला, म्हणाल्या, "कशानं कापलं?"

एवढं पुरे होतं. तुम्हाला सांगतो, मला इतके दिवस कोणी विचारलंच नव्हतं. मी सुटलो. म्हटलं, "बाई, कशानं काय, अण्णांमुळे कापलं! आमच्या डोक्यावर राहतात, हेडक्लार्क आहेत, त्यांना छातीत वात धरला. आता वात धरला तर आडवं पडावं ना माणसानं? तर आडवं पडलं की म्हणे जास्त टोचतं आणि नारळ खवायला पुढे वाकलं की थांबतं, असा सोयीचा वात कोणी ऐकलाय? त्यापायी आम्हाला विळीवर बसवलं. बरं, आता गेला ना वात? चार दिवसांपूर्वी गेला, नारळीभात झाला, तरी आम्ही खवतोच आहोत. आणि हे काय करतात, तर जिन्यात थांबून खिळे मोजतात, कोटाचं बटण लागत नाही म्हणून धोब्याला बोलतात..."

बाईंचा हात थांबला. पट्टी अर्धी गुंडाळलेली. "ताप येतो का त्यांना?"

"संध्याकाळचा. उन्हाचा."

"मोठा श्वास घेतला की टोचायचं?"

"सुरीसारखं, असं म्हणायचे."

"आणि दुखणं थांबल्यावर दम लागायला लागला? त्याच्या आधी नाही?"

मी म्हटलं, "हो, आता तुम्ही विचारताय तर... हो. दुखायचं थांबलं आणि मग."

"पायांना सूज? मान फुगल्यासारखी?"

मला धोबी आठवला, चांभार आठवला, आणि मी दोन्हीला हो म्हटलं. बाईंनी माझा अंगठा सोडला, पट्टी तशीच लोंबती, बॅग उचलली आणि म्हणाल्या, "चला. घर दाखवा." बाहेरच्या बायांना म्हणाल्या, "बसा, येते मी." आणि बाई पुढे, मी मागे, माझी पट्टी माझ्या मागे, असे आम्ही बोरिवलीच्या रस्त्यानं.

अण्णा वळकटीला टेकून बसले होते. ओठ जरा निळसर दिसले मला, किंवा तेव्हा दिसले, आधी मी बघितले नव्हते. बाईंना बघून त्यांनी आधी टोपी घातली. म्हणाले, "मी बरा आहे. नंदकिशोरला कळत नाही, उगाच तुम्हाला त्रास दिला. माझं दुखणं थांबलंय."

बाई म्हणाल्या, "म्हणूनच आले. थांबलंय ही काही चांगली बातमी नाही."

अण्णांना आयुष्यात कोणी असं बोललं नव्हतं. त्या धक्क्यातच त्यांनी हात पुढे केला आणि बाईंनी नाडी धरली. "श्वास आत घ्या. सावकाश." मग परत, "घ्या आत." माझ्याकडे बघून म्हणाल्या, "श्वास आत घेतला की नाडी बुडते यांची, सोडला की परत लागते." गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या वर आलेल्या, बसलेल्या माणसाच्या. छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं. म्हणाल्या, "ठोके फार लांबून येतायत."

वहिनी दाराला धरून उभ्या. त्यांनी विचारलं, "काय झालंय यांना?"

आता बाई तुमच्या-आमच्यासारखं बोलल्या हां, उगाच मोठमोठी नावं घेतली नाहीत. म्हणाल्या, "काळजाला एक पिशवी असते, दोन पदरांची. तिला सूज आली, की ते दोन पदर एकमेकांवर घासतात. ती ही कळ. आडवं पडलं की वाढते, पुढे वाकलं की कमी होते. मग पिशवीत पाणी जमायला लागलं. पाण्यानं पदर वेगळे झाले, घासायचे थांबले, कळ गेली. तुम्हाला वाटलं बरं झालं. पण ते पाणी आता बाहेरून काळीज दाबतंय, त्याला फुलायला जागा नाही. आजच्या आज ते काढायला पाहिजे. उद्यावर टाकलंत तर मी जबाबदारी घेणार नाही."

वहिनींनी लगेच खुंटीवरचा कोट काढला. आणि अण्णा? अण्णा हसले. खरंच हसले. "पाणी? छातीत? बाई, मी गोराईच्या नारळवाल्यांना फसलो नाही कधी. असं कसं कळतं तुम्हाला, आत पाणी आहे म्हणून? आत जाऊन आलात?"

मला वाटलं, गेला हा माणूस. आपल्या हट्टापायी आपल्या डोळ्यांदेखत जाणार. खरं सांगतो, भीती वाटली मला. ज्याच्या नावानं महिनाभर बोटं मोडली, तो नसेल तर वरून त्याच्या पावलांचा आवाज येणार नाही, एवढंच डोक्यात आलं.

पण पद्मजाबाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्हाला नारळातलं कसं कळतं?"

"वाजवून."

"मग ऐका." त्यांनी डाव्या हाताचं मधलं बोट अण्णांच्या छातीवर उजव्या बाजूला सपाट ठेवलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यावर टक् टक् केलं. पोकळ, खणखणीत आवाज. "ही तुमची फुप्फुसं. वारा आहे आत." मग बोट सरकवत सरकवत डावीकडे आणलं. टक्, टक्, टक्... आणि मधेच आवाज बदलला. बद्द. परत बद्द. काखेच्या अलीकडपर्यंत बद्द.

अण्णांचं हसू गेलं. म्हणाले, "थांबा. परत वाजवा."

बाईंनी परत वाजवलं. अण्णांनी मान तिरकी केली, अंगणात नारळाच्या ढिगापाशी करायचे ना, अगदी तश्शी. मग त्यांनी स्वतः आपलं बोट छातीवर ठेवलं आणि पेरानं वाजवलं. उजवीकडे. डावीकडे. परत उजवीकडे. तुम्हाला सांगतो, हा माणूस ऑफिसची शुद्ध मराठी घरातही सोडत नसे, पण त्या क्षणी वर बघून हळू आवाजात म्हणाला, "भरलेलो आसा गे ह्यो."

आणि टोपी काढून वहिनींच्या हातात दिली. "चला, कुठे जायचं?"

पुढची धावपळ विचारू नका. मोटार कुठली आमच्या बिल्डिंगीत! लाकडाच्या वखारीची लॉरी उभी होती, तिच्यात ड्रायव्हरशेजारी अण्णा, मांडीवर उशी, उशीवर वाकलेले, कारण बाईंनी बजावलं होतं, आडवं करायचं नाही. पलीकडे वहिनी. मागे फळ्यांवर बाई आणि मी, माझी पट्टी वाऱ्यावर. लॉरी सुटणार तेवढ्यात कुंदा धावत आली आणि वहिनींच्या हातात एक पिशवी कोंबली. आत विळी! म्हणते, "वाटेत दुखलं तर असू दे." आता ह्या बाईला काय बोलणार? डोळ्यांतून पाणी वाहत होतं तिच्या.

मुंबईतल्या मोठ्या इस्पितळात पोचलो, तिथल्या सिस्टरनं पहिली ती विळी जप्त केली. फोटो काढला छातीचा. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि मी बघितलं, काळीज कसं असतं मला माहीत नाही, पण ते काळीज नव्हतं, मडकं होतं, खाली पसरलेलं. मग अण्णांना आत नेलं, लांब सुई घातली आणि पाणी काढलं. फिक्या चहाच्या रंगाचं. वहिनींनी विचारलं किती निघालं, तर आमच्या पद्मजाबाई म्हणाल्या, "एका चांगल्या शहाळ्याइतकं." अण्णांच्या गळ्याच्या शिरा बसल्या, ओठांना रंग आला, आणि आत गेलो तेव्हा पहिलं वाक्य काय, तर म्हणतात, "जागा झाली रे नंदकिशोर." मी त्यांचा हात धरला आणि रडलो, आणि अण्णा म्हणाले, "रडायला काय झालं?"

सगळं मूळ निघालं क्षयाचं. फुप्फुसांचा नव्हे, काळजाच्या त्या पिशवीचा. पुढे कितीतरी महिने सुया आणि गोळ्या. सुया द्यायला पद्मजाबाई. तेव्हा रोज सकाळी हेडक्लार्क, कोट, काळी टोपी, बाकावर गरोदर बायांच्या मधोमध बसलेले. पहिले काही दिवस छतात बघायचे. मग त्यांच्याशी बोलायला लागले, पेजेत काय घालावं ते सांगायला लागले. आता बोरिवलीचे सगळे पुरुष त्याच दवाखान्यात जातात.

आणि बाईंनी आमच्या जिन्यात उभं राहून सगळ्या बायकांना खडसावलं. "छातीत टोचतंय, आडवं पडलं की वाढतं, पुढे वाकलं की कमी होतं, वर ताप आहे, तर तो वात नव्हे. डॉक्टरकडे यायचं. आणि दम लागतोय, मान फुगलीय, पाय सुजलेत, चक्कर येतेय, तर नारळीभात करायचा नाही, धावत यायचं. दुखणं थांबलं तरी यायचं." बायकांनी ते आरतीसारखं पाठ केलं. पाठ केलं ते केलं, पण त्यातून त्यांनी आपल्या डोक्यानं एक अर्थ काढला, की पुरुष माणूस धडधाकट असताना आपण होऊन विळीवर बसतच नाही. बसला, म्हणजे आत काहीतरी घासतंय.

तर आता माझा रविवार ऐका. मला लागली हो सवय! नारळ खवताना डोकं शांत राहतं, अण्णा त्याबाबतीत खोटं बोलले नव्हते. पण बसलो, की कुंदाचं मान वळवणं, घोटा दाबणं, गॅलरीतून हाक. वरून अण्णा येतात. आता चांगले गुटगुटीत झालेत, जिना न थांबता उतरतात, खिळ्याबिळ्याचं नाव नाही. येऊन मला म्हणतात, "शर्ट काढ." पद्मजाबाईंसारखं बोट ठेवतात आणि माझ्या छातीवर टक् टक् करतात, डावीकडे, उजवीकडे, मान तिरकी करून. सगळी बिल्डिंग दारात. आणि निकाल देतात, "काय नाय ह्याका. रिकामो आसा."

कुंदा पदरानं डोळे पुसते. आणि पुढच्या श्वासाला, "मग थांबलात कशाला? दोन वाट्या राहिल्यात अजून."

मी परत विळीवर. आणि हे गृहस्थ? बरे झाल्यापासून विळीला बोट लावलेलं नाही त्यांनी. माझ्या खुर्चीत बसतात, माझ्या कपातून माझा चहा पितात आणि वरून सांगतात, "नंदकिशोर, जरा बारीक खव. काळं येतंय."

आता मी कुंदाला तिचंच वाक्य ऐकवतो, "अण्णांकडे बघा जरा!" ती म्हणते, "बघत्ये की. तुम्हीही बघा." ...बघतो, काय करणार. आहेत म्हणून बघायला मिळतात. बघतो आणि खवतो.